मैफल अजून उठलेली नाहीं

गेल्या महिन्याच्या टपालांत अंबाजोगाईच्या एका भगिनीचें पत्र आलें. पत्र लहान आहे, पण त्यांत विचारलेला प्रश्न लहान नाहीं. त्या लिहितात : “आमचें एकत्र कुटुंब आहे. मामंजींना गाण्याचें वेड. रोज सायंकाळीं दिवाबत्ती झाली कीं पंडित भीमसेन, कुमार गंधर्व, किशोरीताई यांपैकीं कोणाचें तरी ध्वनिमुद्रण घरांत लागतेंच. माझी मुलगी चौदा वर्षांची. पांच वर्षें गाणें शिकते आहे. परवां तिनें हल्लींच्या एका गायिकेचें गाणें लावलें, तेव्हां मामंजी म्हणाले, ‘बंद कर तें. गाणें होतें तें त्या मंडळींबरोबर संपलें.’ मुलगी गप्प बसली. रात्रीं मला म्हणाली, ‘आई, संपलेलें असेल, तर मग मी शिकते आहे तें काय ?’ मला उत्तर सुचलें नाहीं. आपण द्याल काय ?”

हा प्रश्न एका घरचा नाहीं. ज्या ज्या घरीं गाण्याचा नाद आहे, त्या त्या घरीं तो या ना त्या रूपानें उभा आहे. वडील मंडळींच्या कपाटांत दहा-पंधरा नांवें आहेत. त्यांपलीकडे त्यांचा हात जात नाहीं. तरुण मंडळींना त्या नांवांपुढें कोण आहे हें कोणी सांगत नाहीं. म्हणून तीं एक तर गप्प बसतात, नाहीं तर कानांत तार घालून निराळ्याच संगीताकडे वळतात. या वेळचें हें सदर म्हणून याच विषयाला दिलें आहे.

आधीं मामंजींची बाजू घेऊं. कारण ती खरोखरच बळकट आहे. ज्यांनीं भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांना समोर बसून ऐकलें, मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचा खणखणीत षड्ज ज्यांच्या कानीं पडला, त्यांना नंतरचें पुष्कळसें गाणें फिकें वाटल्यास नवल नाहीं. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत धाडली गेली. पृथ्वीवरच्या संगीताची वानगी म्हणून. असा वारसा ज्या पिढीला मिळाला, तिनें त्याचा अभिमान बाळगावा हें योग्यच आहे. शिवाय उत्तमाचा कान एकदां लागला म्हणजे मध्यमावर तो रमत नाहीं. ही त्या कानाची खोड नसून त्याचा गुणच आहे.

परंतु याच थोरांचीं चरित्रें जरा उलगडून पाहावीं. भीमसेन अकरा वर्षांचे असतांना त्यांनीं खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांची झिंझोटींतील ठुमरीची तबकडी ऐकली आणि ते घर सोडून निघाले, ही कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. आपण ती भक्तिभावानें सांगतों. तिचा अर्थ मात्र लक्षांत घेत नाहीं. त्या मुलानें तबकडी उराशीं धरून ‘गाणें असें पुन्हां होणें नाहीं’ असा सुस्कारा टाकला नाहीं. तो जिवंत गुरूच्या शोधार्थ निघाला, गांवोगांव फिरला, आणि अखेर कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या (१८८६–१९५२) दारीं पोंचला. तबकडीनें त्याला घरांत बसविलें नाहीं, घराबाहेर काढलें. जुन्या ध्वनिमुद्रणाचा खरा उपयोग हाच आहे.

दुसरी गोष्ट. आज ज्यांस आपण ‘जुनें’ म्हणून पूजतों, तें एके काळीं नवें होतें, आणि नवें म्हणूनच त्याला बोल लागले होते. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) क्षयाच्या दुखण्यांतून कित्येक वर्षांनीं पुन्हां गाऊं लागले, तेव्हां माळव्याच्या लोकगीतांतून शोधलेले त्यांचे राग आणि त्यांची घराणें न मानणारी वृत्ति यांवर केवढा गदारोळ झाला होता ! किशोरीताईंनीं (निधन २०१७) जयपूर घराण्याच्या लयीच्या चौकटींत भावाला मोकळें अंगण करून दिलें, तेव्हां घराण्याच्या अभिमान्यांनीं नाकें मुरडलीं. मन्सूरांनीं आरंभीं ग्वाल्हेरची तालीम नीलकंठबुवांकडे घेतली आणि पुढें अल्लादिया खांसाहेबांचे चिरंजीव मंजी खां व बुर्जी खां यांच्याकडून जयपूरची विद्या मिळविली. म्हणजे ज्यांना आपण परंपरेचे खांब मानतों, त्यांनीं स्वतः एक दार ओलांडूनच दुसरें गाठलें होतें. त्या काळच्या आजोबांनींहि ‘बंद कर तें’ म्हटलेंच असेल. सुदैवानें तरुणांनीं तें सर्वस्वीं ऐकलें नाहीं.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाचीच. गोहरजानचें गाणें कलकत्त्यास १९०२ सालीं तबकडीवर उतरलें, तेव्हांपासून पन्नासएक वर्षें एका बाजूला सुमारें तीन मिनिटें हीच मर्यादा होती. विलंबित एकतालाचें एक आवर्तन कधीं कधीं मिनिटभर चालतें. म्हणजे सारा राग तीन आवर्तनांत सांगून मोकळें व्हावयाचें. पुढें मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. मग कॅसेट आली. आतां तर रात्रभराची मैफल खिशांतल्या मोबाईलांत मावते. तेव्हां आपल्या कपाटांतलीं मुद्रणें म्हणजे त्या कलावंतांचें सर्वस्व नव्हे. यंत्राला जेवढें पेललें तेवढें. आणि तें एकच मुद्रण शंभर वेळां ऐकलें म्हणजे आणखी एक घोटाळा होतो. पुढची तान कोठें येणार, श्वास कोठें घेतला जाणार, हें पाठ होतें. आपण ऐकत नसतों, आठवत असतों. ख्यालाचा आत्मा तर ‘पुढें काय होईल’ या उत्सुकतेंत आहे. ती उत्सुकता ज्याला अनुभवावयाची असेल, त्यानें ठाऊक नसलेलें गाणें ऐकल्यावांचून गत्यंतर नाहीं.

हा रोग आपल्यापुरताच आहे असेंहि नाहीं. कानांत तार घातलेल्या तरुणांपैकीं एकाला आम्हीं सहज विचारलें, तेव्हां कळलें कीं, तेथेंहि हेंच भांडण चालूं आहे. विलायतेंत १९९० च्या सुमारास गिटारवादकांचा एक संप्रदाय निघाला. हीं मुलें रंगमंचावर नाचत-बागडत नसत. पायाशीं ठेवलेल्या ध्वनि बदलणाऱ्या पेट्यांकडे पाहत मान खालीं घालून वाजवीत. म्हणून वर्तमानपत्रांनीं थट्टेनें त्यांना ‘शूगेझ’, म्हणजे जोड्यांकडे टक लावणारे, असें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. गिटारांचे थरावर थर चढवून नादाची एक भिंतच उभी करावयाची आणि गाणाऱ्याचा आवाज त्या नादांत बुडवून टाकावयाचा, अशी ही रीत आहे. ‘शब्दच कळत नाहींत’ अशी घरच्या वडिलांची तक्रार असते. पण विलंबित ख्यालाचे शब्द शेजाऱ्यांना कितीसे कळतात? तंबोऱ्याच्या झंकारांत बसण्याची ज्याला संवय आहे, त्याला हा नाद अगदींच परका वाटूं नये.

या संप्रदायाचे तीन ग्रंथ प्रमाण मानले जातात : राइड या मंडळींचा ‘नोव्हेअर’ (१९९०), माय ब्लडी व्हॅलेंटाइन यांचा ‘लव्हलेस’ (१९९१) आणि स्लोडाइव्ह यांचा ‘सूव्हलाकी’ (१९९३). भक्तमंडळी वर्षानुवर्षें यांचीच प्रदक्षिणा घालीत राहिली. इतक्यांत इतरत्र नवें पीक उभें राहिलें. अमेरिकेंत ‘नथिंग’ या नांवाच्या मंडळींनीं २०१४ सालीं आपला पहिला संग्रह काढला. आयर्लंडच्या डंडॉक गांवच्या ‘जस्ट मस्टर्ड’ यांचा ‘हार्ट अंडर’ २०२२ सालीं आला. आणि दक्षिण कोरियांत ‘पारान्नोउल’ असें टोपण नांव घेतलेल्या एका तरुणानें आपल्या खोलींत, संगणकावर, एकट्यानें सारा संग्रह रचून २०२१ सालीं जगापुढें मांडला. खुद्द स्लोडाइव्ह १९९५ च्या सुमारास मोडले होते, ते २०१४ सालीं पुन्हां एकत्र आले आणि २०१७ सालीं त्यांनीं नवा संग्रह दिला. नव्यांनीं जुन्यांना मारलें नाहीं. नव्यांमुळेंच जुन्यांना पुन्हां श्रोते मिळाले. ही गोष्ट आपल्या मामंजींनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

असो. आतां आपल्या घरीं परत येऊं. नव्या गायकांच्या नांवांची जंत्री देण्यापेक्षां त्यांच्यापर्यंत पोंचण्याची वाट दाखविणें अधिक उपयोगाचें. ही वाट सोपी आहे : आपल्या आवडत्या थोराचा हात धरावा आणि त्याच्या शिष्यशाखेनें खालीं उतरावें.

किशोरीताई ज्यांना प्रिय आहेत, त्यांनीं त्यांच्या शिष्या माणिकताई भिडे आणि त्यांच्या कन्या अश्विनी भिडे-देशपांडे यांजकडे यावें. अल्लादिया खां, मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई, माणिकताई, अश्विनीताई, अशी ही सलग मालिका आहे. अश्विनीताई विज्ञानाच्या डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या गाण्यांत ती शिस्त दिसते : रागाचा एकेक पदर त्या घाई न करतां सोडवितात. त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचा ‘रागरचनांजली’ हा ग्रंथ शिकणाऱ्या मुलींनीं जवळ ठेवावा असा आहे. किशोरीताईंचेच शिष्य रघुनंदन पणशीकर यांचें गाणेंहि या शाखेंत ऐकावें. जयपूरच्या अवघड, वळणदार तानांचा ज्याला शोक आहे, त्यानें मंजिरी असनारे-केळकर यांना ऐकावें.

ग्वाल्हेर-आग्र्याची भारदस्त गायकी ज्यांना हवी, त्यांच्यासाठीं गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांची शाखा आहे. बुवांचे शिष्य उल्हास कशाळकर यांच्या गाण्यांत लयीशीं खेळतांना राग कोठेंहि विटत नाहीं, हें नवल कान देऊन पाहण्याजोगें आहे. त्यांनीं कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमींत राहून शिष्य घडविले. ओंकार दादरकर हे त्यांपैकीं एक. बुवांच्या नात अपूर्वा गोखले याहि त्याच अंगानें गातात. कुमारांच्या घरीं त्यांचे नातू भुवनेश कोमकली गात आहेत. आजोबांची नक्कल न करतां आजोबांचें गाणें पुढें नेणें किती कठीण असतें, तें त्यांच्याकडे पाहून समजतें.

भीमसेनांच्या प्रेमिकांनीं धारवाड-हुबळीकडे पाहावें. जयतीर्थ मेवुंडी किराण्याची आलापी मोकळ्या गळ्यानें गातात. आणि व्यंकटेशकुमार यांना तर ऐकावेंच. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमांत, जेथें अंध व अनाथ मुलांना अन्न आणि गाणें दोन्ही मिळतें, तेथें पुट्टराज गवयांच्या पायाशीं ते शिकले. त्यांच्या गाण्याची वाहवा देशभर होऊं लागली, तोंवर त्यांचे केंस पिकले होते. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ‘आतां कोणी उरलें नाहीं’ असें पुण्यामुंबईचे रसिक म्हणत होते, त्या सर्व वर्षांत हा माणूस धारवाडला गात आणि शिकवीत होता ! गाणें संपलें नव्हतें. आपण ऐकावयास गेलों नव्हतों, इतकेंच.

नाट्यपदांचा छंद असलेल्या घरीं हें काम त्याहून सोपें आहे. १९६७ सालच्या ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकाचें संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचें, आणि त्यांतले खांसाहेब वसंतराव देशपांडे यांनीं अजरामर केले. २०१५ सालीं त्याचा चित्रपट निघाला, त्यांत अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे गायिले आणि त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं २०२२ सालीं ‘मी वसंतराव’ हा चित्रपट पडद्यावर आणला. बैठकीला कधीं न बसलेल्या कित्येक मुलांना या चित्रपटांनीं बैठकीच्या दाराशीं आणून सोडलें. दारांतून आंत नेणें हें घरच्या वडिलांचें काम.

ऐकावें कसें, याविषयीं दोन शब्द. मोबाईलवर दोन मिनिटांचा तुकडा पाहून कोणा गायकाविषयीं मत बनवूं नये. त्या तुकड्यांत तान दिसते, राग दिसत नाहीं. आणि तान ही नेहमीं शेवटीं येणारी वस्तु आहे. एखाद्या नव्या गायिकेला निदान एक पूर्ण ख्याल द्यावा; तोहि हातांतलें काम बाजूस ठेवून. मोठ्या महोत्सवांत तरुण कलावंतांना बहुधा सत्राच्या आरंभीं बसवितात, आणि आपली रसिक मंडळी मुख्य गवई बसण्याच्या बेतानें चहा घेऊन सावकाश येतात. एखाद्या वर्षीं पहिल्या घंटेला जाऊन बसावें. रिकाम्या खुर्च्यांपुढें जो जीव ओतून गातो, त्याचें नांव टिपून ठेवावें. तंबोऱ्यावर मागें बसलेल्या शिष्याकडेहि लक्ष असूं द्यावें. गुरूनें सोडलेली जागा तो कशी उचलतो, यावरून पुढच्या वीस वर्षांची चाहूल लागते.

आतां पत्र ज्या गांवाहून आलें त्या गांवाविषयीं. अंबाजोगाईस कोणी ‘येथें गाण्याचें काय आहे’ असें म्हणूं लागलें, तर त्यास दासोपंतांची आठवण द्यावी. १५५१ ते १६१५ या काळांतल्या या संतकवीनें भल्यामोठ्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, ही गोष्ट सर्वांस माहीत आहे. पण त्यांनीं निरनिराळ्या रागांत गावयाचीं पदें रचलीं, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. याच तालुक्यांतलें आपेगांव हें पखवाजाचें गांव. (पैठणजवळचें ज्ञानोबांचें आपेगांव तें निराळें.) वारकऱ्यांच्या भजनांत घुमणारा पखवाज शंकरबापू आपेगांवकरांनीं देशाच्या मोठमोठ्या व्यासपीठांवर नेला आणि ते पद्मश्री झाले, त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनीं तो वारसा पुढें चालविला. नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांनीं मराठवाड्यांत ख्यालाची शेती कशी केली, हें त्यांच्या शिष्यांना विचारावें. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेल्या या भागाला पुण्यामुंबईसारखा धनिकांचा आणि मंडळांचा आधार नव्हता. येथें गाणें टिकलें तें देवळांत, सप्ताहांत आणि अशा एकेकट्या माणसांच्या हट्टावर. तो हट्ट जेथें श्रोता संपतो तेथें संपतो.

येथें त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर येतें. बाळ, गाणें कोणा एका माणसाबरोबर संपत नाहीं. ऐकणारा उठून गेला म्हणजे संपतें. ज्या घरांत फक्त दिवंगतांचेंच गाणें वाजतें, त्या घरचीं माणसें जिवंत गायकांचीं तिकिटें काढीत नाहींत. तिकिटें खपलीं नाहींत म्हणजे गांवचीं संगीत मंडळें बंद पडतात. मंडळें बंद पडलीं म्हणजे तुझ्यासारखीला पुढें बसावयाला जाजमच उरत नाहीं. मग वीस वर्षांनीं कोणी तरी म्हणतो, ‘पाहा, मी सांगितलें नव्हतें ?’ तूं शिकते आहेस ती संपलेली विद्या नव्हे. पण ती संपूं नये याची जबाबदारी तुझ्या एकटीवर टाकणें मात्र आम्हांस मान्य नाहीं. ती अर्धी तुझ्या आजोबांची आहे.

आणि आजोबांना आमची हात जोडून विनंति : आपला कान ही घरांतली सर्वांत मोलाची वस्तु आहे. भीमसेनांचा षड्ज समोर बसून ऐकलेलीं माणसें दिवसेंदिवस कमी होत जाणार. त्या कानानें नव्या गाण्याला ‘बंद कर’ म्हटलें, तर तें ज्ञान तुमच्याबरोबरच जाईल. पण ‘हिचा निषाद जरा उतरला, मात्र ही मींड कशी सुरेख घेतली पाहा,’ असें म्हटलें, तर तेंच ज्ञान नातीच्या गळ्यांत उतरेल. नव्या गायकांत उणें काढूं नका, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. भरपूर काढा, पण पूर्ण ऐकून काढा, आणि नातीला शेजारीं बसवून काढा.

यासाठीं एक साधा घरगुती नेम सुचवितों. आठवड्यांतून एक सायंकाळ ठरवावी. राग एकच धरावा. यमन घ्या, भूप घ्या, ललत हवा असल्यास रविवारची पहाट घ्या. पहिलें गाणें आजोबांनीं निवडावें, दुसरें नातीनें. मात्र तिनें निवडलेला कलावंत हयात असला पाहिजे. दोन्ही गाण्यांमध्यें कोणीं बोलूं नये. संपल्यावर घरांतल्या प्रत्येकानें, स्वयंपाकघरांतून ऐकणाऱ्यांनींसुद्धां, एकेक वाक्य सांगावें. महिन्याला चार नवे गायक, वर्षाला पन्नासांच्या आसपास. त्यांतले चाळीस विसरले गेले तरी चालेल. उरलेले दहा पुष्कळ आहेत.

अंबाजोगाईस दर वर्षीं नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण स्मृति समारोह भरतो आणि त्यांत शास्त्रीय गाण्याला मानाचें स्थान असतें. आमच्या पत्रलेखिका भगिनीनें तेवढी एक सायंकाळ मोकळी ठेवावी, आणि सासरे व लेक या दोघांना वेळेआधीं अर्धा तास नेऊन पुढच्या रांगेंत बसवावें. कार्यक्रमपत्रिकेंतलें जें नांव त्या दोघांनींहि पूर्वीं ऐकलेलें नसेल, तेंच आधीं ऐकावें.